वस्तीची वाट : खडी टाकण्याआधी पाणी काढा



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गट ऑफिसांत तोडणी प्रोग्रामच्या तक्रारींबरोबर आणखी एक तक्रार हमखास येते. "ऊस तोडून पडलाय, पण गाडी वस्तीवरून निघेना." मग दुसरा ट्रॅक्टर बोलवायचा, साखळ्या लावायच्या, चाकाखाली वाढे आणि पाचट घालायचे, ड्रायव्हरची मनधरणी करायची. यात दिवस जातो. परतीचा किंवा अवकाळी पाऊस असेल तर दोन दिवस जातात.

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही नेहमी सांगतो. ऊस फडात वाळला की वजन घटते, आणि आतल्या साखरेचे रूपांतर होऊन उताराही घटतो. वजनातली घट त्या सभासदाची, पण उताऱ्यातली घट सगळ्यांची. कारण उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बांधलेला आहे. तेव्हा एका वस्तीची चिखलाची वाट ही त्या एका घराची गोष्ट राहत नाही. शिवाय त्याच वाटेने रोज दूध डेअरीला जाते, पोरे शाळेत जातात, आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तीच एक वाट असते.

बरे, सभासद खर्च करत नाहीत असेही नाही. दर दिवाळीला दोन-चार ट्रॉल्या मुरूम, एखादी गाडी खडी टाकणारी घरे पुष्कळ आहेत. पण पुढच्या दिवाळीला ती खडी दिसत नाही. ती जाते कुठे आणि ती जागेवर राहावी म्हणून काय करायचे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

खडी जाते कुठे?

खडी खाली जाते. आपल्या कृष्णा, भीमा, गोदावरी खोऱ्यातली काळी जमीन उसाला चांगली, पण रस्त्याला वाईट. या मातीतली बारीक चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. ओली काळी माती म्हणजे लोणीच. तिच्यावर नुसती खडी टाकली आणि वर भरलेली ट्रॉली गेली, की खडीचा दगड खाली रुततो आणि त्याच्या सांध्यातून चिखल वर येतो. दोन पावसाळ्यांत खडी हात-दीड हात खाली जाऊन बसते. वाटेवर चर खणून पाहा, मागल्या सालची खडी तुम्हाला तिथे सापडेल.

आपल्या बागायती भागात यात आणखी एक भर पडते. जिरायती गावातली वाट पावसाळ्याचे चार महिने ओली असते. आपली वाट दोन्ही बाजूंच्या उसाला पाटपाणी चालू असल्याने बारमाही ओली असते. वरून वाळलेली दिसते, पण फूटभर खाली ओल असतेच. म्हणून ज्या वाटेवरून उन्हाळ्यात सायकलही नीट जाते, तिथेच ऐन हंगामात गाडी बसते.

इंजिनिअर लोक ज्याला 'वॉटर बाउंड मॅकॅडम' म्हणतात, त्या खडीच्या रस्त्याला जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६-१८३६) या स्कॉटिश गृहस्थाचे नाव आहे. त्याची शिकवण साधी होती. वजन शेवटी खालची जमीन पेलते. ती कोरडी राहिली तर वाटेल तेवढे ओझे घेते. फोडलेल्या खडीचा थर हे त्या जमिनीवरचे छप्पर आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे आपोआप समजते.

पहिले काम : चर

तेव्हा पैशाची जुळवाजुळव खडीसाठी करण्याआधी वाटेच्या दोन्ही बाजूंना चर काढा. चर दीड फूट खोल असावा आणि त्याला ओढ्याकडे किंवा नाल्याकडे उतार असावा. शंभर फुटांना अर्धा ते एक फूट उतार पुरतो. उतार डोळ्याने ठरवू नका. पाण्याची पारदर्शक नळी लावून बघा. चराचे तोंड शेजाऱ्याच्या फडात सोडू नका, नाहीतर वाटेपेक्षा भांडण मोठे होईल.

पाट वाटेला ओलांडत असेल तिथे सिमेंटचा पाइप टाका. वरून उसाच्या गाड्या जाणार असतील तर हलका पाइप चालत नाही. दुकानात एन.पी.३ दर्जाचा मागा, आणि पाइपावर कमीत कमी दोन फूट भराव येईल इतका तो खाली बसवा. तेवढी खोली मिळत नसेल तर पाइपाच्या भोवती आणि वर काँक्रीट करून घ्या. पाइप फुटला की पाणी वाटेच्या पोटात शिरते आणि मग वरून कितीही खडी टाका, खड्डा तिथेच पडतो.

वाटेच्या अगदी कडेला सरी सोडू नका. दोन-तीन फुटांची पट्टी कोरडी ठेवा. ठिबक असेल तर प्रश्नच मिटला. पुष्कळ ठिकाणी आम्ही पाहतो की दर वर्षी नांगराचे एक तास वाटेच्या कडेला सरकते. चार वर्षांत बारा फुटांची वाट आठ फुटांची होते आणि चराचा पत्ता लागत नाही. एक सरी ऊस वाढवण्यासाठी सगळ्या फडाचा ऊस अडकवून ठेवायचा, हा हिशेब काही बरोबर नाही.

मुरूम कसा ओळखावा

मुरूम म्हटला की सगळा सारखाच, अशी समजूत आहे. ती खरी नाही. मुरूम म्हणजे झिजलेला, कुजलेला खडक. झीज अर्धवट झाली असेल तर तो कठीण, खरबरीत राहतो. पुरती झाली असेल तर तो जवळजवळ मातीच असतो. विहीर खोदताना वर निघतो तो मऊ, आणि खाली कुदळीला दाद देत नाही तो चांगला, हे आपल्याला माहीत आहेच.

खाणीवर किंवा विहिरीच्या ढिगाऱ्यावर दोन परीक्षा करा. पहिली : मुरमाचे चार-पाच खडे रात्री बादलीभर पाण्यात टाका. सकाळी खडे तसेच राहिले तर मुरूम घ्या. विरघळून गाळ झाला तर तो रस्त्याला घेऊ नका. दुसरी : मूठभर मुरूम भिजवून दाबा. लाडू धरला पाहिजे, पण हात उघडल्यावर तळव्याला मेण लागल्यासारखे चिकटता कामा नये. चिकट मुरूम उन्हाळ्यात सिमेंटसारखा घट्ट दिसतो आणि पहिल्या पावसात त्याचा राडा होतो. अजिबात लाडू न धरणारा, नुसता वाळूसारखा मुरूम खालच्या थराला उत्तम, पण वरच्या थराला उपयोगाचा नाही, कारण तो खडी बांधून ठेवत नाही.

खडी कशी निवडावी

खडी फोडलेली हवी, काळ्या कठीण पाषाणाची हवी. फोडलेल्या खडीला धारा असतात, त्या एकमेकींत अडकतात. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण चाकाखाली गोट्यांसारखेच घरंगळतात. ते कितीही दाबले तरी जमत नाहीत. शिवाय नदीतून काढायला परवानगी लागते, ते वेगळेच.

क्रशरवर माल वेगवेगळ्या मापात मिळतो. कोणता कशासाठी, ते असे :

सोलिंगचा डबर, सहा इंची : उसाच्या गाड्या जाणाऱ्या वाटेच्या पोटात.

६० ते ४० एम.एम. खडी : सोलिंगवरचा मुख्य थर. ओझे पसरवण्याचे काम हीच करते.

२० एम.एम. खडी : सांधे भरायला, आणि मोटारसायकल-जीप एवढीच वाहतूक असलेल्या अंगणाच्या वाटेवर.

१२ एम.एम. आणि क्रशरची कच : सगळ्यात वर, पोकळी भरून थर बांधायला.

एकाच मापाची खडी ढिगाने पसरू नका. मोठ्या खडीच्या पोटात मधली, मधलीच्या पोटात बारीक, आणि तिच्या पोटात कच किंवा मुरूम अशी भरणी झाली तरच थर एकजीव होतो. नुसती २० एम.एम. पसरली तर तिच्यावरून मोटारसायकल घसरते, आणि नुसती ४० एम.एम. उघडी ठेवली तर बैलांच्या खुरांना आणि अनवाणी पायांना त्रास होतो.

खडी घेताना ती धुळीने माखलेली नाही ना, चपट्या चिपा जास्त नाहीत ना, हे पाहा. चपटी खडी ओझ्याखाली मोडते. दोन खडे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाजाची, हातोडीच्या एका हलक्या टोल्याने भुगा होणारी खडी परत पाठवा.

थर कसे घालावेत

काळ्या जमिनीवर आणि उसाच्या भरलेल्या गाड्यांसाठी वाट करायची असेल तर क्रम असा ठेवावा. भरलेली डबल ट्रॉली म्हणजे वीस-पंचवीस टनांचा मामला, हे विसरू नये.

१. वरची काळी माती नऊ इंच ते एक फूट काढा. ही माती फेकू नका. शेतात जिथे खडक उघडा पडला आहे तिथे पसरा.

२. तळ दाबून घ्या आणि त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे उतार द्या. तळच वाटीसारखा खोल राहिला तर आत शिरलेले पाणी तिथेच साठते.

३. खरबरीत, न चिकटणारा मुरूम दोन थरांत घाला. दाबून सहा इंच भरला पाहिजे. हा थर म्हणजे काळी माती आणि दगड यांच्यामधला पडदा. हल्ली यासाठी जिओटेक्स्टाइल कापडही मिळते. पाणी जाऊ देते, चिखल वर येऊ देत नाही. फार ओल्या तुकड्यात ते मुरमाच्या खाली घालण्यासारखे आहे. मात्र त्याऐवजी प्लॅस्टिकचा कागद पसरू नका. त्यावर पाणी अडते.

४. सोलिंगचा डबर हाताने उभा लावा, रुंद बाजू खाली. ट्रॉलीतून ओतून पसरलेला डबर बसत नाही. सांध्यात लहान दगड ठोकून भरा. हा थर सहा इंचांचा.

५. त्यावर ६०-४० एम.एम. खडी चार इंच सैल पसरा. दाबल्यावर ती तीन इंच होते. आधी कोरडीच दाबा. रोलर कडेपासून मध्याकडे आणावा. मध्यापासून सुरुवात केली तर खडी बाहेर सरकते.

६. खडी हलायची थांबली की बारीक खडी, कच आणि शेवटी चांगला मुरूम थोडा थोडा टाकून झाडूने सांध्यात ढकला, पाणी मारा आणि पुन्हा दाबा. पोकळी भरेपर्यंत हेच करत राहा.

दबाई पुरी झाली की नाही ते ओळखायची जुनी खूण आहे. खडीचा एक सुटा खडा पृष्ठभागावर ठेवून त्यावरून रोलर न्या. खडा फुटला तर काम झाले. खडा आत रुतला तर अजून दाबायला हवे.

माती काढली नऊ इंच ते एक फूट आणि भराव झाला सव्वा फुटाच्या वर, म्हणजे वाट शेतापेक्षा चार-सहा इंच उंच उभी राहते. ती तशीच हवी. शिवाय मध्ये उंच आणि कडेला उतरती हवी. दहा फूट रुंदीच्या वाटेला मध्यभागी दोन ते अडीच इंच चढ द्यावा. दोन खुंट्या आणि एक दोरी असली की हे जमते.

रोलर मिळाला नाही तर थर तीन-चार इंचांपेक्षा जाड घालू नका, आणि मुरमाने भरलेली ट्रॉली पुन्हा पुन्हा फिरवा, पण दर फेरीला चाक बाजूला सरकवत. एकाच चाकोरीतून फिरवली तर तुम्ही रस्ता न करता दोन पाट कराल.

उसाची गाडी जाणार नसेल, म्हणजे फक्त घरापुढची वाट किंवा अंगण असेल, तर सोलिंग वगळता येईल. सहा इंच मुरूम, त्यावर तीन इंच ४० एम.एम. खडी आणि वर २० एम.एम. व कच यांचा दोन इंच थर पुरेसा होतो. कडेला दगड किंवा विटा रोवून घ्या म्हणजे खडी पांगत नाही. घराच्या जोत्याकडून बाहेर उतार द्यायला मात्र विसरू नका. दहा फुटांना अडीच इंच ठेवला की पाणी भिंतीशी थांबत नाही.

माल किती लागेल?

हिशेब आपला आपण करावा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी, रुंदी आणि जाडी फुटात धरून गुणाकार करा आणि १०० ने भागा.

समजा वाट ३०० फूट लांब, १० फूट रुंद आहे. क्षेत्र झाले ३,००० चौरस फूट.

मुरमाचा थर सहा इंच, म्हणजे अर्धा फूट : १,५०० घनफूट, १५ ब्रास. दाबल्यावर बसतो म्हणून पाव हिस्सा जास्त, सुमारे १९ ब्रास.

सोलिंग सहा इंच : १५ ब्रास. सांधे भरायला लहान दगड दोन-तीन ब्रास.

खडी सैल चार इंच : १,००० घनफूट, १० ब्रास.

वरची बांधणी, कच आणि मुरूम, साधारण एक इंच : अडीच ते तीन ब्रास.

आता मोजमापाचे. 'एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास' हे तोंडी माप मानू नका. ट्रॉली आतून मोजा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट उंच भरलेली ट्रॉली ९० घनफुटांची होते. दर ट्रॉलीला १० घनफूट कमी पडले तर ४० ट्रॉल्यांत चार ब्रास गेले. उसाच्या काट्याकडे आपण जसे डोळ्यांत तेल घालून पाहतो तसेच इथेही पाहावे. खडी वजनावर घेत असाल तर एक ब्रास काळी खडी चार ते साडेचार टन भरते, हा अंदाज धरावा.

मुरूम आणि खडी ही गौण खनिजे आहेत. उचलायला तहसील कार्यालयाची परवानगी, स्वामित्वधन आणि वाहतुकीचा पास लागतो. माल दुसऱ्याकडून घेत असाल तरी पावती आणि पास पाहूनच गाडी खाली करून घ्या. विनापरवाना माल पकडला तर दंड मालाच्या किमतीच्या कितीतरी पट बसतो.

वाट सामायिक असेल तर

पुष्कळ वाटा भावकीच्या बांधावरून जातात. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी बसून रुंदी, चराची जागा आणि खर्चाची वाटणी कागदावर लिहून सह्या कराव्यात. वाटणी एकरावर करावी की गाड्यांच्या खेपांवर, ते तुम्ही ठरवा. पण आधी ठरवा. बांधावरून वाट मिळावी यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली, आणि चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तरीही आमचे सांगणे असे की, जो निर्णय एका चहात होतो त्यासाठी तालुक्याला खेपा घालू नयेत. शेत-पाणंद रस्त्यांसाठी शासनाच्या योजना असतात. त्यांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू नियम ग्रामपंचायतीत विचारून घ्यावेत.

निगा

वाट झाली म्हणजे संपले नाही. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन वाटेवरून एक फेरी मारा. पाणी कुठे थांबते ते तेव्हाच कळते, एरवी नाही. तिथे खूण करा आणि उघडीप पडताच दुरुस्त करा. खड्ड्यात नुसता मुरूम ओतू नका. आतला चिखल काढा, कडा चौकोनी तासा, खडी भरा, वर मुरूम आणि पाणी टाकून धुम्मस करा. खड्ड्यात किंवा चिखलात पाचट घालण्याची सवय सोडावी. पाचट कुजते आणि चिखल वाढवते. त्याची जागा खोडव्याच्या सरीत आहे. प्रेसमडचेही तेच, ती शेताचे खाणे आहे, रस्त्याचे नव्हे.

कडेच्या हरळीने माती धरून राहते, पण तिचा उंचवटा झाला की वाटेवरचे पाणी चरात उतरत नाही. वर्षातून एकदा ती तासून वाट मोकळी करावी. चरातला गाळही तेव्हाच उपसावा.

कामाचा वेळ

ऊस गेल्यावर, जमीन वाळलेली असताना माती काढणे आणि चर ही कामे उरकावीत. मुरूम, सोलिंग, खडी आणि दबाई मृग निघण्याच्या आत पुरी व्हावी. पावसाळ्यात वाट बसते. दसऱ्याच्या सुमारास, कारखान्याची मोळी पडण्याआधी, उंच-सखल भाग भरून एकदा पाणी मारून दाबून घ्यावे.

सगळा खर्च एका वर्षात झेपणारा नसेल तर लांबीचे तुकडे पाडा, थरांचे नको. शंभर फूट नीट केलेली वाट टिकते. तीनशे फुटांवर पातळ पसरलेली खडी पुढच्या पावसात मातीखाली जाते. सुरुवात जिथे गाडी दर वर्षी बसते त्या तुकड्यापासून करावी. आणि एवढेही जमत नसेल तर या वर्षी फक्त दोन्ही बाजूंचे चर काढा. त्याला खडीचा एकही दगड लागत नाही, आणि निम्मा फरक तेवढ्यानेच पडतो.

वाटेचा उतार आणि चराची दिशा ठरवताना अडचण आली तर आपल्या गट ऑफिसात सांगावे. शेतकी विभागाची माणसे फडावर येतातच. येताना वाटही पाहतील.

— ऊस विकास अधिकारी